भरला पाय, रिकामा पाय

४ जानेवारी

बारके,

तीन वर्षांनी ताईचं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. सगळे धडधाकट आहेत. फोनच करणार होते, पण माझा नंबर दिसला की तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी फोनवर माझा आवाज लगेच चढतो. कागदावर मला जरा दमानं घ्यावं लागतं.

काम असं आहे. आमच्या शेजारच्या बाई महिन्यापूर्वी घरात पडल्या. उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर आहे आणि आत इतकी खाज सुटते की भिंतीला हात घासत बसावं लागतं. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, होतं तसं. हे काय उत्तर झालं? तू जन्म वॉर्डात काढलास, तुला काही युक्ती ठाऊक असेल. विणायची सुई आत घातली तर चालेल का? बाई फार हैराण आहेत म्हणून विचारते. नाहीतर मला स्वतःला पत्र लिहायची काही गरज नव्हती.

दुकान ठीक चाललंय. सध्या थोडे दिवस बंद ठेवलंय, इतकंच. तुझे भाऊजी मजेत. नकाशे काढायची नोकरी संपून सात वर्षं झाली, पण हात शिवशिवतात. परवा आमच्या स्वयंपाकघराचा नकाशा काढून, ओट्यापासून फ्रिजपर्यंत दिवसाला किती फेऱ्या होतात ते मला दाखवत होते. सध्या स्वयंपाक तेच करतात. आवड लागलीय त्यांना.

अक्षर वाईट आलंय. पेन धड नाही.

ताई


२९ जानेवारी

बारके,

तुझं कार्ड मिळालं. ‘शेजारच्या बाईंना सांग, प्लास्टरमध्ये सुई, पेन्सिल, पट्टी काही घालायचं नाही. पंख्यासमोर हात धरायचा. आणि डाव्या हातानं पत्रं लिहायची नाहीत.’ तुझ्या भाऊजींनी मोठ्यानं वाचलं आणि इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मला आधी राग आला. मग मीही हसले. या घरात असं हसू बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

बरं, मीच ती बाई. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पडले. कशी पडले ते विचारू नकोस, सांगण्यासारखं काही नाही.

मंगळवारी प्लास्टर निघालं. आतून जो हात निघाला तो माझा वाटतच नाही, कुणीतरी माझ्याकडे ठेवायला दिल्यासारखा दिसतो. सुईत दोरा ओवायला परवा अर्धा तास लागला. पण त्याचं इतकं नाही. दुसरंच काही झालंय, आणि ते नर्स म्हणून फक्त तुला सांगते.

मी भिंत धरून चालते. पलंगापासून कपाट, कपाटापासून दाराची चौकट, चौकटीपासून बेसिन. महिनाभर एकटीनं जिना उतरलेली नाही. दुकान बंद आहे ते त्यामुळे, हातामुळे नाही. तुझे भाऊजी दोन्ही हात पुढे धरून माझ्या मागून चालतात, जसं काही मी काठोकाठ भरलेलं पातेलं आहे. मी त्यांच्यावर ओरडते. आणि मग बाथरूमच्या दाराशी ते येईपर्यंत थांबून राहते.

हाताचा व्यायाम घ्यायला जाते तिथे एक पोरगेलीशी फिजिओथेरपिस्ट आहे. तिनं विचारलं, “आजी, परत पडायची भीती वाटते का?” मी म्हटलं, छे. ती म्हणाली, “मग माझी भिंत का धरलीय?” बघते तर खरंच, बोलताना माझा डावा हात तिच्या भिंतीवर होता. तिनं मला बसवून समजावलं. भीतीनं माणूस चालणं कमी करतं, चालणं कमी झालं की पायांतली ताकद जाते, आणि ताकद गेली की माणूस खरोखरच पडतं. म्हणजे भिंत धरून धरून मी पडायचीच तयारी करत होते.

तिनं एका वर्गाचा पत्ता दिलाय. सरकारी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, मंगळवार-शुक्रवार सकाळी. चिनी व्यायाम आहे, अगदी हळू करायचा. नाव ऐकून हसशील. ताई ची. मी विचारलं, कोणत्या ताईची? तिला विनोद कळला नाही.

भिंतीवरच्या टीव्हीत तिनं थोडं दाखवलं. दहा-बारा माणसं एका ओळीत हवेत गाद्या घालत होती. मी जाईनसं वाटत नाही.

ताई


२६ फेब्रुवारी

बारके,

‘वर्गाला जा.’ एवढंच लिहायला तू अख्खं कार्ड खर्च केलंस. शब्द जपून ठेवून त्यांचं काय करणार आहेस कोण जाणे. पण गेले.

वाचनालयाच्या बावीस पायऱ्या. तुझे भाऊजी मागे, मी कठड्याला चिकटून. वर लांबलचक खोली, लाकडी जमीन, कडेला जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे. आम्ही अकरा जण. शिकवणारे गृहस्थ सत्तरीच्या पुढचे. सगळे त्यांना कॅप्टन म्हणतात. मला वाटलं जहाज चालवत असतील. ते म्हणाले, “नाही हो बाई, मालवाहू जहाजावर इलेक्ट्रिशियन होतो. वायरी ओढायचो. कॅप्टन मी इथे या खोलीत झालो.” त्या जहाजावर एक चिनी स्वयंपाकी होता. तो रोज सकाळी डेकवर, जहाज डुलत असताना, हे सगळं करायचा. त्याला कधी तोल जाऊन कठडा धरताना पाहिलं नाही, म्हणून हे त्याच्याकडे शिकायला गेले आणि एकोणीस वर्षं शिकत राहिले.

पहिल्या दिवशी आम्हाला काय शिकवलं असेल? उभं राहायला. सदुसष्टाव्या वर्षी मी उभं राहायला शिकले. गुडघे किंचित सैल, खांदे खाली, श्वास पोटापर्यंत. मग सगळं वजन हळूहळू डाव्या पायावर न्यायचं. कॅप्टन त्याला पाय भरणं म्हणतात. “एक पाय पुरता भरा. दुसरा पुरता रिकामा करा. मग रिकामा उचला. माणूस भरलेला पाय उचलायला जातं आणि पडतं.” ऐकायला सोपं आहे. करून बघ. माझा कुठलाच पाय धड भरत नाही, धड रिकामा होत नाही. चाळीस वर्षं शिलाईच्या मशीनवर बसून मी दोन्ही पाय नुसते पायडल मारायला वापरले, उभं राहायला वापरलेच नाहीत.

तुझ्या भाऊजींना बाहेर बसायचा कंटाळा आला, तेही आत आले. आता ते घरी आलेखाच्या कागदावर पावलांचे नकाशे काढतात. डावं पाऊल निळं, उजवं लाल, वजन जाईल तिकडे बाण. नकाशा अचूक असतो, स्वतः मात्र ते सगळ्यात वाकडे उभे राहतात. कॅप्टन म्हणाले, यांना कागदावरच ठेवू.

आणखी एक. वर्गात पायजमा, पँट टाचेखाली येता कामा नये असं कॅप्टननी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी सगळ्यांच्या पायांकडे पाहिलं. अकरांतल्या सहा जणांचे कपडे लोळत होते. दुसऱ्या खेपेला मी टाचण्या आणि खडू घेऊनच गेले. बोटं अजून आखडतात, पण फिजिओवाली म्हणते, हातशिलाई करा, तोच व्यायाम. पाच जणांचे कपडे आखूड करून दिले. सहाव्या बाई नको म्हणाल्या, तर मी त्यांच्याशी जवळजवळ भांडले. घरी येताना तुझे भाऊजी म्हणाले, पायजमा त्यांचा, पाय त्यांचा, तुला एवढं काय लागलं? मी म्हटलं, काही नाही.

त्या बाईंनी शेवटी दिला पायजमा. दोन इंच दुमडला.

ताई


२ एप्रिल

बारके,

तू विचारलंस, फरक काय पडला, खरं सांग, वाढवून नको. तर वाढवत नाही. आमच्यात एक गृहस्थ सांगत फिरतात की यानं त्यांची साखर, दाब, अपचन आणि केस गळणं सगळं थांबलं. कॅप्टननी त्यांना सर्वांदेखत विचारलं, गोळ्या बंद केल्यात का? ते म्हणाले, नाही. “मग थोडं श्रेय गोळ्यांना द्या की.”

माझं म्हणशील तर मी आता जिना एकटी उतरते. कठड्याच्या बाजूनं, पण हात न लावता. दुकान रोज तीन तास उघडते. मशीनवरून उठताना गुडघ्यांतून जी कळ यायची ती निम्म्यावर आलीय. झोप लागते. फिजिओवाली घड्याळ लावून एका पायावर उभं करते, तिथे मी आधी टेबल सोडायलाच तयार नसायचे, आता टेबल लागत नाही. परवा बटणं आणायला एकटी बाजारात गेले. वाटेत फरशी उखडलेली होती. पाय अडखळला, आणि मी काही विचार करायच्या आत दुसरा पाय आपसूक भरला गेला. मी उभीच होते. रस्त्यात कुणाचं लक्षही नव्हतं. मला मात्र कुणाला तरी थांबवून सांगावंसं वाटलं.

हे सगळं झालं चांगलं. आता आजचं सांगते.

आज व्यायाम झाल्यावर कॅप्टननी आम्हाला गोल बसवलं. म्हणाले, आज प्रत्येकानं आपण कसे पडलो ते सांगायचं. लोक पडल्याची लाज बाळगतात, बोलत नाहीत, आणि न बोललेलं आत भीती होऊन बसतं. एक निवृत्त बसड्रायव्हर आहेत, ते दवाखान्याच्या दारात पडले. त्यांच्या मुलीनं त्यांचा दंड धरलेला होता. धरलेला असताना पडले. ते म्हणाले, खुबा बरा झाला, पण पोरगी अजून माझ्याकडे बघून रडते.

मग माझी पाळी. तुलाही हे सांगितलेलं नाही. भर दुपारी, लख्ख उजेडात, जेवायच्या टेबलापाशी पडले. फरशी कोरडी होती. मी फ्रिजकडे वळले, एवढंच. तुझे भाऊजी हातभर अंतरावर, हातात ताटली घेऊन माझ्याकडे तोंड करून उभे होते. ते बोलत होते, त्यांचं वाक्यही पुरं झालं नव्हतं, आणि मी खाली होते.

त्या पायजमावाल्या बाईंनी विचारलं, “मग यांनी धरलं नाही तुम्हाला?”

तुझे भाऊजी खाली बघायला लागले. मला इतका संताप आला. मी म्हटलं, “कसं धरणार हो? पापणी लवायच्या आत होतं ते. समोर उभ्या असलेल्या माणसालाही धरता येत नाही. त्यांना काय बोलता?”

आणि माझं बोलणं माझ्याच कानावर पडलं.

मी उठून वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांपाशी जाऊन बसले. कॅप्टननी पुढच्याला सांगायला लावलं.

बाकीचं उद्या लिहिते. आज हात चालत नाही, आणि हे मोडलेल्या मनगटामुळे नाही.


३ एप्रिल

काल अर्धं ठेवलं होतं, ते पुरं करते.

आईला निरोप देऊन आपण घरी आलो त्या दिवशी, बाहेरच्या खोलीत सगळे बसलेले असताना, मी तुला म्हणाले होते, “नर्स म्हणवतेस आणि घरातली एक म्हातारी सांभाळता आली नाही तुला.” तू बॅग उचललीस आणि गेलीस. माझं दुकान बंद राहू नये म्हणून तू रजा काढून आईपाशी राहायला आली होतीस. गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढायला गेलीस, तेवढ्यात ती खुर्चीतून उठली आणि पडली. खुबा मोडला, पाच आठवड्यांत ती गेली. मी म्हणत राहिले, तू खोलीत असतीस तर. कालपर्यंत म्हणत होते. आणि मी पडले तेव्हा माझा माणूस हातभर अंतरावर होता.

पण एवढंच असतं तर मी तुला तीन वर्षं तोंड न दाखवण्याइतकी वाईट नाही. खाली आणखी आहे.

त्या दिवशी आईच्या अंगात जो निळा गाऊन होता, तो मी शिवलेला. जुन्या मापावर शिवला. वर्षभरात ती केवढीशी झाली होती ते मी डोळ्यांनी पाहत होते, पण माप घेतलं नाही. ती मला म्हणाली, “अगं, हा पायात येतो.” मी म्हटलं, उद्या दुमडून देते. दुसऱ्या दिवशी परत म्हणाली. मी परत म्हटलं, उद्या. असे चार उद्या झाले. त्या चार दिवसांत मी दुकानात बसून सतरा गिऱ्हाइकांच्या पँटी आखूड करून दिल्या. पाचव्या दिवशी ती पडली.

हॉस्पिटलात मी तो गाऊन शोधला. मिळाला नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, बारके. हे लिहायलाही शरम वाटते. मग कुणीतरी मला विचारण्याआधी मी तुला विचारलं. सगळ्यांसमोर, मोठ्यानं, म्हणजे पुन्हा कुणी माझ्याकडे बघायला नको.

तुझ्या भाऊजींना आज सकाळी सांगितलं. ते म्हणाले, हे मला सांगून काय उपयोग, जिला सांगायचं तिला सांग.

म्हणून सांगितलं. माफ कर म्हणायला मला तोंड नाही, तरी म्हणते. तुझं उत्तर नाही आलं तरी मी समजून घेईन.

ताई


१७ एप्रिल

ताई,

मला लांब पत्र लिहिता येत नाही. ड्यूटीच्या नोंदी लिहायची सवय आहे, तसंच लिहिते.

गाऊनचं मला माहीत होतं. हॉस्पिटलात पोचल्यावर तो अंगातून काढता येईना, मीच कात्रीनं कापला. पुढच्या बाजूला खालची दुमड वीतभर उसवलेली होती. पाय अडकल्याशिवाय तशी उसवत नाही. तू आलीस आणि पिशव्या धुंडाळायला लागलीस. काय शोधतेस विचारलं तर म्हणालीस, आईचा चष्मा. चष्मा माझ्या हातात होता, तुला दिसत होता. मी तोपर्यंत गाऊन वॉर्डच्या कचऱ्यात टाकला होता. तो तू पाहिला असतास तर परत कधी मशीनवर बसली नसतीस. आणि तुला दुसरं काही येत नाही.

आता माझं. कपडे काढायला दोन मिनिटं लागतात. ते काढून झाले होते. गॅलरीत खुर्ची होती, ऊन होतं, मी बसले. पाच मिनिटं, कदाचित सात. आदल्या महिन्यात सलग ड्यूट्या केल्या होत्या, दमले होते. आईनं हाक मारली नसेल. किंवा मारली असेल आणि मला ऐकू आली नसेल. ते मला कधीच कळणार नाही.

तू सगळ्यांसमोर बोललीस तेव्हा मला राग आला नाही. मला वाटलं, हिला कळलं. म्हणून उठून गेले. फोन उचलत नव्हते ते रुसून नाही. तू विचारशील, नक्की कुठे होतीस, म्हणून.

नर्स म्हणून एक सांगते. आईची हाडं ठिसूळ झाली होती. अशी माणसं आखूड गाऊनमध्येही पडतात, कुणी शेजारी बसलेलं असतानाही पडतात. हे मी आठवड्यातून एकदा तरी कुणाच्या ना कुणाच्या लेकीला सांगते. त्यांना पटतं. स्वतःला सांगितलं की पटत नाही. तुला पटलं तर कळव.

माझा उजवा गुडघा कामातून गेलाय. जिना आडवी होऊन उतरते. आमच्या डॉक्टरबाईंना तुझ्या त्या व्यायामाबद्दल विचारलं. म्हणाल्या, चांगला आहे, करा. इथे शिकवणारं कुणी नाही.

बारकी


२१ एप्रिल

बारके,

पत्र उभ्यानं वाचायला घेतलं आणि जमिनीवर बसून संपवलं. तुझे भाऊजी धावत आले, त्यांना वाटलं मी परत पडले. मी म्हटलं, नाही हो, बसलेय.

तू म्हणतेस ते पटलं. तुझ्यापुरतं पूर्ण पटलं, माझ्यापुरतं निम्मं. तुला बहुतेक उलटं वाटत असेल. तेव्हा तू माझं उरलेलं निम्मं मला पटव आणि मी तुझं तुला पटवते, त्याशिवाय यातून मार्ग निघणार नाही. हे काम पत्रातून होण्यातलं नाही.

सात मिनिटं. अगं, तीस वर्षं दुसऱ्यांच्या खाटांपाशी उभी राहिलीस, आणि सात मिनिटं उन्हात बसलीस ती आजवर स्वतःला माफ केली नाहीस. माझ्या गाऊनचं तू जाणून होतीस, तरी त्या खोलीत माझं बोलणं ऐकून घेतलंस. मी तुझ्याहून दहा वर्षांनी मोठी. कशात मोठी ते आता मला सांगता येणार नाही.

मी येतेय, तो व्यायाम तुला तुझ्या गच्चीवर शिकवायला. वीस मेची गाडी, एकटी. तुझे भाऊजी म्हणाले, पोचवायला येतो. मी म्हटलं, स्टेशनपर्यंत या. त्यांनी तुझ्या गच्चीचं माप मागितलंय. त्याशिवाय पावलांचा नकाशा काढता येत नाही म्हणतात. मोजून कळव, नाहीतर ते मला स्वस्थ बसू देणार नाहीत.

स्टेशनवर येऊ नकोस. गुडघ्याला आराम दे.

ताई


९ जून

बारके,

सुखरूप पोचले. तुझे भाऊजी स्टेशनवर अर्धा तास आधी येऊन उभे होते. पंधरा दिवसांत त्यांनी तीन पातेली करपवली आणि दोन लपवून ठेवली. सापडली.

तुला काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. एक म्हणजे, मी आल्या दिवशी सरळ वर आले असं तुला सांगितलं, ते खोटं. लिफ्ट बंद होती. तीन मजले, चोपन्न पायऱ्या. पहिला मजला झकास चढले. दुसऱ्यावर गेल्यावर मात्र पायरीवर बसले. पाय ठीक होते, दमही लागला नव्हता. तू दार उघडशील तेव्हा तुझा चेहरा कसा असेल, याची भीती वाटत होती. पडायची भीती घालवायला कॅप्टन आहेत, या भीतीला कोण आहे? वरून एक माणूस कुत्रं घेऊन उतरला, त्यानं विचारलं, काही मदत हवी का? मी म्हटलं, नको, बहिणीकडे चाललेय. त्याला ते उत्तर पुरलं. मलाही पुरलं असावं, कारण मग मी उठले.

तू ड्यूटीवरून येऊन पांढऱ्या कपड्यांतच होतीस. दार उघडलंस, आधी माझ्या बुटांकडे पाहिलंस, मग माझा उजवा हात ओढून घेतलास. मनगट फिरवून पाहिलंस, अंगठ्यानं दाबून पाहिलंस, म्हणालीस, “नीट जुळलंय.” मग हात सोडायला विसरलीस. मी आठवण केली नाही. बॅग कितीतरी वेळ दाराबाहेरच राहिली.

आईबद्दल आपण चौथ्या दिवशी बोललो, चादरींच्या घड्या घालताना. बरं झालं हाताला काम होतं. तू चादरीच्या एका टोकाशी, मी दुसऱ्या. तू तुझी सात मिनिटं सांगितलीस, मी माझे चार दिवस सांगितले. दोघींनी एकमेकींचं काही खोडून काढलं नाही. त्याची मला सगळ्यात जास्त मदत झाली. मी इकडे परतल्यावर काल आईची जुनी मापं लिहिलेली वही काढली. तीन वर्षं ती उघडली नव्हती. उघडली, पाहिली, परत ठेवली. जमलं.

विद्यार्थिनी म्हणून तू अत्यंत वाईट आहेस, हेही सांगायचं राहिलं. कॅप्टन अकरा म्हाताऱ्यांना शिकवतात, माझ्याच्यानं एक नर्स शिकवून होत नव्हती. प्रत्येक गोष्टीला का म्हणून विचारणार, मध्येच घड्याळ बघणार, श्वास सोड म्हटलं की बोलायला लागणार. आठव्या दिवसापासून मात्र तू बोलणं थांबवलंस. दहाव्या दिवशी जिना सरळ उतरलीस, एक पाय, मग दुसरा. मी खालून पाहत होते. तुझ्या लक्षात आलं नव्हतं, मी बोलले नाही, न जाणो परत आडवी व्हायचीस. गुडघा अजून दुखतोच म्हणालीस, आणि दुखणार. फिजिओवालीला विचारलं, ती म्हणते, वाकवा कमी, पण सोडू नका. तेव्हा सोडू नकोस.

आणि शेवटची सकाळ. गच्चीवर आपण दोघीच होतो. शेजारच्या टाकीत पाणी पडत होतं. सगळा क्रम झाला, शेवटी एका पायावर उभं राहायचं होतं. तू डावा पाय भरलास, उजवा सावकाश उचललास आणि डगमगलीस. माझा हात आपोआप पुढे गेला.

तू म्हणालीस, “धरू नकोस.”

मी म्हटलं, “मग काय करू?”

“नुसती इथे राहा.”

तुला कळलं नसेल मला ते किती जड गेलं. तू पहिलं पाऊल टाकलंस तेव्हापासून मी तुला धरतच आलेय, आणि धरता आलं नाही तेव्हा ओरडत आलेय. मी हात मागे घेतले, पाठीशी बांधले. तू हललीस, सावरलीस, परत हललीस. मग उभी राहिलीस. मी मनात मोजत होते. सहा सेकंद. खाली पाय टेकवून तू म्हणालीस, चल, चहा करू, आणि आत गेलीस.

मी मागून लगेच आले नाही, कारण मला जरा तिथेच थांबायचं होतं.

ताई